पहिली दुचाकी घेताय? आधी तुमचा रोजचा रस्ता कागदावर मांडा

कोल्हापुरात कुणी पहिली गाडी काढतोय असं कळलं की सल्ला द्यायला अख्खी गल्ली गोळा होते. मामा म्हणतो, डोळे झाकून स्प्लेंडर घे. मित्र म्हणतो, शंभर सीसी काय घेतोस, पिकअप पाहिजे. आई म्हणते, मोपेड (म्हणजे विनागिअरची स्कूटर) घे, मलाही मंडईला नेता येईल. यातलं कुणीच चुकीचं नसतं. प्रत्येक जण आपण रोज ज्या रस्त्याने जातो, त्या रस्त्यावरून बोलत असतो. तुमचा रस्ता वेगळा असतो आणि पुढची सात-आठ वर्षं त्यावर तुम्हालाच जायचं असतं. म्हणून शोरूममध्ये पाय ठेवण्याआधी एक कागद घ्या.

पहिलं काम: रस्ता लिहा

कागदावर या गोष्टी लिहा. घरापासून कामाच्या किंवा कॉलेजच्या फाटकापर्यंत किती किलोमीटर? त्यातले शहरातले किती, हायवेचे किती, गावाकडच्या रस्त्याचे किती? जायची-यायची वेळ कोणती? डबलसीट कोण असतं आणि आठवड्यातून किती वेळा? सोबत सामान काय असतं? पावसाळ्यात या रस्त्यावर पाणी कुठे साचतं? आणि शेवटचं, गाडी रात्री उभी कुठे राहणार?

हे सगळं डोक्यात आहे असं वाटतं, पण लिहिल्यावर चित्र बदलतं. राजारामपुरीतून महाद्वार रोडवरच्या दुकानात कामाला जाणाऱ्याचा रस्ता चारेक किलोमीटरचा, पण त्यात सिग्नल, रिक्षा, भाविकांची गर्दी आणि पार्किंगची मारामार. क्लच दाबून दाबून मनगट भरून येतं. शिवाजी पेठेतून गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत शिफ्टला जाणाऱ्याला अर्धा रस्ता पुणे-बंगळूर हायवेवर काढायचा असतो, शेजारून ट्रक जात असताना आणि तिसऱ्या शिफ्टला तर पूर्ण अंधारात. कागलच्या पंचतारांकित वसाहतीत जाणाऱ्याला तेच, अंतर मात्र दुप्पट. करवीर किंवा राधानगरी तालुक्यातल्या गावातून विद्यापीठात येणाऱ्याला उसाच्या रानातले वळणाचे रस्ते. या चौघांना एकच गाडी सांगणारा माणूस त्यांचं ऐकूनच घेत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाण्याचा मुद्दा कोल्हापूरकराने तरी हलक्यात घेऊ नये. मोठा पाऊस झाला की परीख पुलाखाली पाणी साचतं. पंचगंगा पात्राबाहेर आली की सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर हा भाग धोक्यात येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ हायवेवरच पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती. असल्या पाण्यात कुठलीच दुचाकी घालायची नाही. पण रात्री गाडी उंचावर नेऊन लावता येईल अशी जागा आहे का, याचं उत्तर खरेदीआधीच शोधून ठेवायचं.

अ‍ॅव्हरेजचा हिशेब तुमच्या अंतरावर करा

'किती देते?' हा आपला पहिला प्रश्न. प्रश्न बरोबर आहे, पण त्याला किती किंमत द्यायची ते अंतरावर ठरतं.

समजा एक मोटारसायकल रोजच्या वापरात लिटरला ६० देते आणि एक स्कूटर ४५. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू. कागलला जाणारा माणूस रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १,०४० किलोमीटर चालवतो. मोटारसायकलला त्याला साधारण १७.३ लिटर लागतं, स्कूटरला २३.१. फरक ५.८ लिटरचा, म्हणजे महिन्याला सहाशे रुपयांच्या आसपास आणि वर्षाला सात हजारांच्या वर. त्याने अ‍ॅव्हरेज बघायलाच पाहिजे.

महाद्वार रोडवाल्याचे महिन्याला २०८ किलोमीटर होतात. त्याचा फरक १२० रुपयांचा. तेवढ्यासाठी दिवसाला पन्नास वेळा क्लच दाबायचा का, हे त्याने स्वतःला विचारावं.

जाहिरातीतला आकडा प्रत्यक्षात मिळत नाही. तेच मॉडेल वापरणाऱ्या दोघा-तिघांना विचारा, आणि तेसुद्धा तुमच्यासारख्याच रस्त्यावर वापरणाऱ्यांना. हायवेवर चालणाऱ्या गाडीचा आकडा लक्ष्मीपुरीत फिरणाऱ्याला लागू पडत नाही.

मोपेड की मोटारसायकल

इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण खरा निर्णय हाच आहे. कंपनी आणि रंग नंतर.

सुरुवात चाकापासून करा. स्प्लेंडरची चाकं १८ इंची असतात. अ‍ॅक्टिव्हाचं पुढचं चाक १२ इंची आणि मागचं १० इंची. ज्युपिटरची दोन्ही १२ इंची. मोठं चाक खड्ड्याच्या कडेवरून निघून जातं, लहान चाक त्यात उतरतं आणि धक्का थेट कमरेला बसतो. पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. रोज वीस किलोमीटरच्या वर खराब रस्ता असेल तर मोठ्या चाकाचीच गाडी बघा. लहान चाक हायवेवर आडव्या वाऱ्याला आणि ट्रकच्या झोताला जास्त हलतं, हेही लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट गिअर. स्कूटरमध्ये बेल्टवर चालणारी आपोआप बदलणारी गिअर यंत्रणा असते. गर्दीत ती सुखाची: डावा हात मोकळा, पाय मोकळे. नवशिक्याला बंद पडण्याची भीती नाही. पण उताराला ती इंजिनचा रोध मोटारसायकलइतका देत नाही, आणि थ्रॉटल पूर्ण सोडून वेग कमी झाला की क्लच सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पन्हाळ्याला किंवा गगनबावड्याकडे नोकरी असणाऱ्या शिक्षकांना, तलाठ्यांना, नर्सताईंना म्हणूनच माझा सल्ला मोटारसायकलचा असतो. घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी स्वतःच आवरते आणि ब्रेक गरम होत नाहीत.

तिसरी गोष्ट सामान आणि घरातली माणसं. स्कूटरच्या पायदानावर तांदळाची पिशवी बसते, डिक्कीत डबा आणि रेनकोट राहतो, साडी नेसून चालवता येते. घरात एकच गाडी असणार आणि ती तिघे वापरणार असतील, तर मोपेडला तोड नाही. उलट गावाकडून डेअरीला दुधाचे कॅन घालायचे असतील तर दोन्ही बाजूंना कॅन अडकवून चालणारी मोटारसायकलच लागते.

चौथी गोष्ट उंची आणि वजन. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर उंच, वजन ११२ किलो. अ‍ॅक्टिव्हा १०६ किलोच्या आसपास, शाइन १०० साधारण ९९ किलो. कागदावर फरक किरकोळ वाटतो. पण पेठेतल्या अरुंद बोळात गाडी मागे ढकलत वळवायची असेल, उंबऱ्याला फळी लावून आत घ्यायची असेल, तर दहा किलो रोज जाणवतात. बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे तरी जमिनीला नीट टेकले पाहिजेत. पहिल्या गाडीला ही अट सोडू नका.

सीसीचं म्हणाल तर शहरात एकट्याने फिरायला १००-११० पुरेशी. रोज डबलसीट किंवा रोज हायवे असेल तर १२५ घ्या. ओव्हरटेक करताना तेवढी जादा ताकद उपयोगी पडते आणि इंजिन ओरडत नाही. पहिलीच गाडी १५०-२०० सीसीची घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. हात बसायच्या आधी वेग हातात येतो.

ब्रेक आणि दिवा: इथे पैसे वाचवू नका

२०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना सीबीएस सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की जोर दोन्ही चाकांना वाटला जातो. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, म्हणून ओल्या रस्त्यावर गाडी घसरायची शक्यता कमी होते. १२५ सीसीच्या वर्गातही एबीएसचा पर्याय देणारं मॉडेल आहे, उदाहरणार्थ हीरोची एक्स्ट्रीम १२५आर. हायवेवर रोज जाणाऱ्याने ते बघून घ्यावं. ते परवडत नसेल तर निदान पुढचा डिस्क ब्रेक असलेली आवृत्ती घ्या. ड्रम आणि डिस्कच्या किमतीतला फरक चार-पाच हजारांचा असला, तरी तो पूर्ण वसूल होतो.

दिव्याचं महत्त्व गळीत हंगामात कळतं. दिवाळीच्या आगेमागे कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर येतात त्या उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. कित्येकांच्या मागे रिफ्लेक्टर नसतो. पंक्चर झालेली ट्रॉली अंधारात रस्त्यातच उभी असते, वर लाल दिव्याचा पत्ता नसतो. तुमच्या गाडीचा झोत जिथपर्यंत पोचतो, तेवढंच तुम्हाला दिसतं. गाडी पसंत पडली की ती वापरणाऱ्या कुणाच्या तरी मागे बसून रात्री गावाकडच्या रस्त्याला एक चक्कर मारा. शोरूमच्या लखलखाटात हेडलाइट कळत नाही. टायर ट्यूबलेसच असू द्या. शिफ्ट सुटल्यावर रात्री बारा वाजता हायवेवर पंक्चर काढणारा शोधण्यापेक्षा हवा भरत हळूहळू घरी येणं बरं.

इलेक्ट्रिक घ्यावी का

रोजचं अंतर ३०-४० किलोमीटरच्या आत आणि घरी स्वतःच्या मीटरवर चार्जिंगची पक्की सोय, या दोन्हीला 'हो' असेल तर जरूर विचार करा. ३ युनिटच्या आसपासची बॅटरी भरायला ३ ते ४ युनिट वीज लागते, त्यामुळे चालवण्याचा खर्च पेट्रोलच्या मानाने अगदी थोडा. भाड्याच्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर राहून खिडकीतून वायर सोडायचा विचार असेल तर घेऊ नका. बॅटरीवर आयपी६७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी झालीय. पुराच्या पाण्यात रात्रभर उभी करायची परवानगी असा त्याचा अर्थ नाही. कंपनीचं सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे ना, आणि पार्टला किती दिवस लागतात, हे जुन्या ग्राहकांकडून काढून घ्या.

पैशांचं गणित

शोरूमबाहेर लिहिलेली किंमत एक्स-शोरूम असते. त्यावर रोड टॅक्स, पासिंग, विमा चढतो. म्हणून 'ऑन-रोड किती?' हे फोडीसह लिहून मागा, एकेक ओळ वेगळी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तो कोटेशनमध्ये दिसला पाहिजे. 'हँडलिंग'च्या नावाने काही लावलं असेल तर ते कशाचं, हे विचारा. अ‍ॅक्सेसरीजचा संच सक्तीचा नसतो. विमाही शोरूमचाच घेतला पाहिजे असं नाही. नव्या दुचाकीला २०१८ च्या सप्टेंबरपासून थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र तुम्ही निवडायचा. कोल्हापुरात राहून तो टाळू नका, आणि पुरात इंजिनमध्ये पाणी गेल्यास भरपाई मिळते का, हे पॉलिसीत वाचा. बऱ्याचदा त्यासाठी वेगळं संरक्षण जोडावं लागतं.

हप्त्यावर घेणाऱ्यांनी 'फ्लॅट' व्याजापासून सावध राहावं. ७०,००० रुपये, २४ महिने, १० टक्के फ्लॅट म्हटलं तर व्याज १४,००० आणि हप्ता ३,५०० होतो. ऐकायला दहा टक्के. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असतं आणि व्याज पूर्ण रकमेवर लावलेलं असतं, त्यामुळे घटत्या शिलकेवर तो दर १८ टक्क्यांच्या वर जातो. तुमचं खातं असलेल्या बँकेत किंवा पतसंस्थेत घटत्या शिलकेवरचा दर विचारून मगच शोरूममधल्या फायनान्सवाल्याशी बोला.

एकूण बजेटमधून हेल्मेट आणि रेनकोटचे पैसे आधी बाजूला काढा. हेल्मेटवर आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघा, हनुवटीचा पट्टा लावून डोकं हलवून बघा. हेल्मेट डोक्यावर फिरलं तर ते मोठं आहे. मागे बसणाऱ्यासाठीही एक घ्या. मोटार वाहन नियम १३८ नुसार नव्या गाडीबरोबर हेल्मेट द्यावं लागतं, ते मागून घ्या.

आवडीच्या नंबराचा नाद कोल्हापूरकराला सांगून सुटणारा नाही, एमएच ०९ पुढचे ते चार आकडे आपल्याला जीव की प्राण. पण पहिल्या गाडीला त्या पैशांत डिस्क ब्रेक आणि चांगलं हेल्मेट दोन्ही बसतात.

जुनी गाडी बघताना

बजेट कमी असेल तर चांगली सांभाळलेली जुनी गाडी घेण्यात काहीच कमीपणा नाही. फक्त तपासणी नीट झाली पाहिजे.

सकाळी, इंजिन थंड असताना जा. आधीच सुरू करून ठेवली असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी या. थंड गाडी दुसऱ्या-तिसऱ्या स्टार्टला उठली पाहिजे आणि निळसर धूर दिसता कामा नये. मागून उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघा. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवा, मध्ये अडकल्यासारखं झालं तर बॉलरेस (हँडलचं बेअरिंग) गेलेली. किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका. फूटरेस्टचं रबर, ब्रेकचं पॅडल, सीटची झीज जास्त खरं बोलतात.

आणि गाडी पुरात बुडालेली तर नाही ना, हे खास तपासा. सीट काढून खालच्या कोपऱ्यांत वाळलेला गाळ शोधा. हेडलाइटच्या काचेच्या आत पाण्याची रेघ, वायरच्या जोडण्यांवर हिरवट थर, स्पीडोमीटरच्या आत धुकं, न झिजलेल्या ठिकाणी गंज: यातलं काहीही दिसलं तर हात जोडून निघा. इंजिन ऑइल दुधाळ दिसलं तरी तेच. अशा गाडीची वायरिंग पुढे कधीही दगा देते. उद्यमनगरातला ओळखीचा मेस्त्री सोबत न्या आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या.

कागद: आरसी, चालू विमा, पीयूसी. वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून मालकाचं नाव, कर्जाचा बोजा आणि दंड बघा. चेसिस नंबर गाडीवरचा आणि आरसीवरचा स्वतः जुळवा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. 'नंतर करू' म्हणून सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन बसू नका. निपाणी-बेळगावकडची कर्नाटक पासिंगची गाडी स्वस्त वाटते. तिला तिकडची एनओसी आणून इथे नवी नोंदणी आणि टॅक्स भरावा लागतो, तो खर्च धरल्यावर स्वस्ताई बहुधा उरत नाही.

२०२३ च्या एप्रिलआधी बनलेली गाडी असेल तर ती २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलीय का, हे तिच्या पुस्तिकेत बघा. आता पंपावर तेच मिळतं.

लायसन्स आणि ट्रायल

लायसन्स गाडीआधी. लर्निंग मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. मोपेड घेणार असलात तरी शक्य झाल्यास गिअरच्या गाडीवरच टेस्ट द्या. विनागिअरचं लायसन्स काढलं तर उद्या कंपनीची किंवा भावाची मोटारसायकल कायद्याने चालवता येत नाही. आणि पालकांनो, अकरावी-बारावीतल्या मुलाच्या हातात लायसन्सशिवाय गाडी देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ट्रायल शोरूमच्या दारात पन्नास फूट मारून होत नाही. मागे कुणाला तरी बसवा आणि टेंबलाईचा चढ चढून बघा. चढावर थांबून पुन्हा उचला. जाणूनबुजून एका खराब पट्ट्यावरून न्या. सावकाश वेगात यू-टर्न घ्या. मग मेन स्टँड लावा आणि काढा, आई किंवा बहीण चालवणार असेल तर तिलाही लावायला सांगा. दोन मॉडेलांत मन अडकलं असेल तर दोन्ही एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा.

गाडी ताब्यात घेताना

पाडव्याला किंवा दसऱ्यालाच गाडी घरी आणायची असेल तर दोन-तीन आठवडे आधी बुकिंग करा आणि गाडी आदल्या दिवशी तपासून ठेवा. मुहूर्ताच्या गर्दीत शांतपणे काही बघता येत नाही. उत्पादनाचा महिना कागदावर तपासा, सहा महिने गोडाऊनला पडलेली गाडी नाकारा किंवा सूट मागा. टायर, आरसे, प्लॅस्टिकवरचे ओरखडे, सगळे दिवे, हॉर्न, दुसरी किल्ली, टूलकिट बघा. उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसल्याशिवाय रस्त्यावर काढू नका.

पहिले हजार किलोमीटर एकसारख्या जोरात ताणू नका, वेग कमी-जास्त करत चालवा. पहिलं सर्व्हिसिंग पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरला किंवा दिवसांत, जे आधी येईल तेव्हा करा, नाहीतर वॉरंटीला अडचण येते. मोटारसायकलची चेन पावसाळ्यात दर चार-पाचशे किलोमीटरला पुसून वंगण द्या. हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना, गाडीवरच्या स्टिकरवर लिहिली असेल तेवढी. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका, इंजिनमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत कोरड्या जागी आणा, प्लग काढून मेस्त्रीला दाखवा, मगच सुरू करा.